झाकण नसलेली फटफटी

माझ्या भाच्याचा, सतीशचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी पोहे निवडत बसले होते. "मावशी, दादा गेले," तो म्हणाला. मग आपणच सांगायला लागला, की सकाळी चहा झाला, सोप्यात खुर्ची टाकून बसले, पेपर मागितला, आणि पेपर आणून देईपर्यंत मान कलली होती. कुणाला त्रास नाही, कुणाला हाक नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे हणमंतदाजी, असेच जाणार हे मला ठाऊक होतं. फोन ठेवला तेव्हा मी रडले नाही. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. कारण डोळ्यांपुढं आली ती मुरमाच्या उतारावरून धावणारी काळी फटफटी, तिच्यावर वाकलेले दाजी आणि पदर खोचून मागून ढकलणारी मी. रडू नंतर आलं, भांडी घासताना.

तेराव्याला उंब्रजला जाऊन आले, त्यालाही आता महिना होत आला. तिथं सतीशनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याला खरं उत्तर दिलं नाही. जुन्या सवयीनं दिलं नाही. मी दोन माणसांना शब्द दिलेला होता, एक दाजींना आणि एक त्यांच्या आईंना. आता ते दोघंही नाहीत, माझी अक्काही नाही. गाडी तेवढी आहे, आणि ती काही बोलायची नाही. म्हणून मीच लिहिते.

बहात्तरच्या सुमाराला मला शिक्षिकेची पहिली नोकरी लागली ती नेमकी अक्काच्या सासरजवळच्या एका वाडीत. सांगलीची मुलगी एकटी कुठं राहणार, म्हणून आमच्या वडलांनी मला अक्काच्या पदरात टाकलं. उंब्रजच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडं त्यांचा मळा होता. कौलारू घर, पुढं सोपा, गोठा जरा लांब उसाच्या कडेला. वीज गावात आली होती, मळ्यावर अजून खांबसुद्धा नव्हता. दाजी फौजेत ड्रायव्हर होते, पेन्शन घेऊन आले आणि जनावरांच्या दवाखान्यात लागले. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाला घटसर्प झाला, की निघाले फटफटीवर. ही फटफटी त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. वरून काळा रंग मारला होता, पण टाकीला कुठं चरा गेला की आतला हिरवा दिसायचा. "माझ्यागतच हाय," दाजी म्हणायचे, "वरनं शेतकरी, आतनं फौजी."

सकाळी मला शाळेत सोडून दाजी पुढं दवाखान्यात जात. निदान तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात सकाळ उजाडली की दाजी किक मारायचे, गाडी नुसती खोकायची. पुन्हा किक, पुन्हा खोकला. चावी फिरवून बघायचे तर पुढचा दिवा मेल्या माशाच्या डोळ्यासारखा. मग मान न वळवता म्हणायचे, "मास्तरीणबाई, जरा हात लावता का?" नवी कोरी इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून मी ती गाडी उतारावर ढकलत न्यायची. ओढ्याच्या अलीकडं ती धापा टाकत सुरू व्हायची, मग मी पळत जाऊन मागं बसायचं. एकदा शाळेचे हेडमास्तर समोरून सायकलवर आले. त्यांनी मोठ्या आदरानं सायकल बाजूला घेतली आणि आम्हाला वाट दिली. त्या दिवशी शाळेत त्यांनी मला व्यायामाचा तास दिला तो कायमचाच.

रोजच बॅटरी उतरते म्हटल्यावर गावात ज्याच्या त्याच्या तोंडी निदान तयार. कुणी म्हणे डायनामो मेला, कुणी म्हणे वायर कुठंतरी अंगाला टेकतेय, कुणी म्हणे लिलावातली गाडी, तिच्यावर कोण बसून मेलंय देव जाणे. दाजी कुणावर चिडत नसत, पण हरत पण नसत. त्यांनी एक एक गोष्ट तपासायला घेतली. डायनामो भरतोय का बघितलं, भरत होता. डायनामोची वीज बॅटरीत सोडणारा कटआउट बदलला. सगळ्या वायरी सोडवून, पुसून, पट्टी गुंडाळून पुन्हा लावल्या. मग एक दिवस संध्याकाळी त्यांनी बॅटरीची तारच सोडून ठेवली. म्हणजे गाडी वीज खात असेल तर आता खायला काही राहिलंच नाही. सकाळी तार जोडली, किक मारली... पुन्हा आपला तोच खोकला. "मग बॅटरीच खराब," असं म्हणून दाजींनी ती काढली आणि एसटी स्टँडजवळ रशीदचाचांच्या दुकानात नेली. रविवारी ती परत आणायला गेले, तेव्हा बाजाराला म्हणून मीही बरोबर गेले होते.

रशीदचाचा हा दाजींचा तालमीपासूनचा दोस्त. त्यांनी बॅटरी भरून रात्रभर फळीवर तशीच ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीनं तिचं पाणी ओढून बघितलं होतं. नळीतला तरंगा वर येऊन दिमाखात डुलत होता, म्हणजे बॅटरी पुरती भरलेली. पुन्हा एक दिवस ठेवली, तरी तेच. चाचांनी डोकं खाजवलं. "हणमा, ही हितं टवटवीत असती आन तुज्या घरी गेली की सुकती. गड्या, हिला सासुरवास हाय बघ." आम्ही सगळे खो खो हसलो. मग चाचा म्हणाले, "आन ह्ये कुंकू कुणी लावलंय रं हिला? ह्याच एका टोकाला?" दाजींनी वाकून बघितलं. "खंडेनवमीला लावलं आसंल आईनं," असं ते म्हणाले खरे, पण बराच वेळ त्या कुंकवाकडं बघत राहिले. परत येताना वाटेतही त्या टोकावरून अंगठा फिरवत होते. मला वाटलं, बॅटरीचंच मनात घोळतंय.

इथं मला जरा मागं जायला हवं. दाजींना एक धाकटा भाऊ होता, दिनकर. घरात सगळे दिनू म्हणायचे. तोही फौजेत. अक्काच्या लग्नात त्यानं मला करवली म्हणून इतकं चिडवलं होतं की मी जेवले नव्हते. एकदा सुट्टीवर येताना तो कुठल्याशा पंचायतीचा बाद केलेला मोठा लाकडी रेडिओ घेऊन आला. वीज नव्हती, तर त्यानं वेगळी बॅटरी आणून त्यावर जोडला, परसातल्या बाभळीवर तार टाकली आणि आईंना शिकवलं. आईंना अक्षरओळख नव्हती. कुठली तार कुठं लावायची हे लक्षात राहावं म्हणून त्यांनी बॅटरीच्या एका टोकाला कुंकवाचं बोट लावलं आणि त्या बाजूच्या तारेला लाल दोरा बांधला. मग एकाहत्तरची लढाई झाली. दिनू परत आला नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही, बेपत्ता म्हणून कळवलं, आणि बऱ्याच महिन्यांनी आता आशा नाही असं कळवलं. आईंनी जेवण सोडलं होतं. दारात बसून राहायच्या, एसटीचा आवाज आला की उठायच्या. शेवटी दाजींनीच दर्भाचा पुतळा करून भावाचे दिवस घातले. घरात सगळ्यांसमोर सांगितलं, की आता ह्या घरात कुणी वाट बघायची न्हाई. रेडिओवर चादर पडली, त्याची बॅटरी दाजींनी देऊन टाकली. त्यानंतर आई हळूहळू भाकरी खायला लागल्या. हे सगळं मी तिथं जायच्या आधी झालेलं. मी गेले तेव्हा घरात दिनूचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं.

रशीदचाचांच्या दुकानातून आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी विहिरीवर धुणं धूत होते. आईंचं एक नवं लुगडं होतं, हिरवं, अक्कानं मागच्या दसऱ्याला घेतलेलं. भिजवताना धड होतं. दगडावर दोन वेळा आपटलं आणि पदराला चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पडली. मी सायन्स शिकवत होते, बॅटरीतलं ॲसिड सुती कपड्यावर उडलं की काय होतं ते मला कळत होतं. कळलं नाही ते एवढंच, की आईंच्या पदराचा आणि बॅटरीचा संबंध काय. ओलं लुगडं तसंच घेऊन मी सोप्यात आले. दाजी गाडी पुसत होते. "आवं दाजी, हे बघा," म्हणून मी पदर पसरून धरला. दाजींनी भोकांवरून एकदा बोट फिरवलं. "उंदरानं खाल्लंया," ते म्हणाले. "वाळत घाला जावा."

दुसऱ्या दिवशी गाडीच्या बॅटरीवरचं झाकण गायब झालं. गाडीच्या कुशीला पत्र्याचं गोल झाकण होतं, एका जाड स्क्रूनं बसवलेलं. ते उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नसे. "खडखडत हुतं, पडलं कुटंतरी उंब्रजच्या रस्त्याला," असं दाजींनी अक्काला सांगितलं. आणि त्या दिवसापासून गाडी आईंच्या खोलीच्या खिडकीला अगदी चिकटून उभी राहायला लागली. बॅटरीवर दाजींनी रबराचा एक जाड तुकडा टाकून ठेवला, ॲसिड उडू नये असा. मी शिक्षिका असून मला अजूनही कोडं सुटलं नव्हतं. ते सुटलं एका संध्याकाळी, तेही विसराळूपणामुळं.

रोज संध्याकाळी दाजी पायी गावात जायचे, मारुतीच्या पारावर बसायला. अक्का आणि मी गोठ्यात धारा काढायला. घरात आई एकट्या. त्या दिवशी चरवी घरीच राहिली म्हणून मी परत आले. आईंच्या खोलीतून कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. पुरुषाचा आवाज, सुरात, थांबून थांबून. मी दार ढकललं. रेडिओवरची चादर दूर केलेली, खिडकीतून दोन तारा आत आलेल्या, एकीला लाल दोरा. आणि आई रेडिओच्या जाळीला कान लावून बसलेल्या, तान्ह्या पोराचा श्वास ऐकावा तशा. मला बघून त्या दचकल्या नाहीत. "ये. दार लोट," म्हणाल्या.

"आई, हे काय ऐकताय?"

"नावं सांगत्यात. पल्याडच्या मुलकात धरून ठेवल्यात त्यांची. त्या वरच्या वाडीच्या पोराचं नाव आसंच आलं हुतं रेडूवर. जित्ता हाय त्यो. म्हंजी आपलाबी आसंल."

"पण ते बोलतात ते तुम्हाला कळतं का?"

"बोलनं न्हाई कळत. पर पोराच्या नावाला काय येगळी भाषा लागती व्हय?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "थोरल्याला सांगू नगंस. रागवंल म्हणून न्हाई गं... त्येनं सवताच्या हातानं भावाचं दिस घातल्यात. मी अजून वाट बघतीया कळलं तर त्येच्या जिवाला लागंल." मी शब्द दिला. चरवी उचलली आणि गोठ्याकडं परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलून झाली, ओढ्याच्या पुलावर दाजींनी ती उभी केली, पण बंद केली नाही. "मास्तरीणबाई, लुगडं उंदरानं खाल्लंया. ध्यानात ठिवा." मी म्हटलं, "दाजी, उंदीर ॲसिड पीत नाहीत." ते म्हणाले, "आमच्यातलं पित्यात." आणि मग सांगायला लागले. खंडेनवमीचं कुंकू श्रावणापर्यंत इतकं ताजं कसं राहील, हे त्यांच्या डोक्यात रशीदचाचांच्या दुकानातच आलं होतं. त्या संध्याकाळी पारावरून लवकर परत आले, तर मांजर रेडिओवर पोट टेकून झोपलेलं. मांजर थंड लाकडावर झोपत नाही. त्यांनी चादरीखाली हात घातला. रेडिओ चुलीजवळच्या भिंतीसारखा ऊबदार होता. त्यातल्या जुन्या काचेच्या नळ्यांना तापायला लय वीज लागते, दाजी म्हणाले, दोन घटकांत निम्मी बॅटरी पिऊन टाकतो तो रेडिओ.

मला राग आला. मी म्हटलं, मग एक वेगळी बॅटरी आणून सरळ द्या की आईंना, हे रोजचं ढकलणं कशाला? दाजींनी मान हलवली. "दिऊ की. पर मी दिली म्हंजी मला इचारनार ती... येईल का रं त्यो? मी काय सांगू? मी फौजेत हुतो. मला म्हायतीय काय झालं आसंल. चोरून ऐकती हाय तवर ती मला इचारत न्हाई, आन मला खोटं बोलाय लागत न्हाई." मग गाडीला गिअर टाकत म्हणाले, "मला कळलंय हे तिला कळू दिऊ नगा." झालं. मायलेकांच्या मधे मी. दोघांना एकमेकांपासून लपवायचं, आणि दोघांनी तोंडावर बोट ठेवायला लावलं ते मलाच.

पुढचे सगळे महिने आमचं घर कसं चाललं हे आठवलं की आजही गंमत वाटते. दाजी पारावरून परत येताना लांबूनच मोठ्यानं खोकत येत, इतके की अक्का त्यांना अडुळशाचा काढा द्यायला लागली. तो कडू काढा ते मुकाट्यानं पीत. आई तेवढ्यात तारा गुंडाळून कणगीमागं टाकत आणि जपमाळ घेऊन बसत. सकाळी मी साडी खोचून तयारच. रशीदचाचा दर आठवड्याला बॅटरी भरून देताना म्हणत, "सासुरवास संपला न्हाई व्हय रं अजून?" दाजी म्हणत, "सासू लय खाष्ट हाय गड्या." आणि दोघं हसत. यातलं चाचांना किती ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. मला आता वाटतं, ते माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. ऊस तोडणीला आलेला असायचा, ओढ्यावर धुकं असायचं, गाडी ढकलून अंगाला घाम यायचा आणि दाजी ओरडायचे, "आजून जरा... आजून जरा..." गाडीसाठी ओरडत होते असं लोकांना वाटायचं.

कैदी सुटून आल्याची बातमी आली. वरच्या वाडीचा तो मुलगा आला, वाळून काटकी झालेला, पण आला. त्याची मिरवणूक निघाली. आईंनी त्याच्या घरी जाऊन त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि परत येऊन संध्याकाळी पुन्हा तारा जोडल्या. अजून कुणी मागं राहिले असतील, त्यांची नावं सांगतील. मी आणि दाजी ढकलत राहिलो.

मग एका संध्याकाळी मी गोठ्यातून आले, तर आई कणगीजवळ बसून तारा नीट गुंडाळत होत्या. रेडिओवर चादर होती. "आज ऐकायचं नाही?" मी विचारलं.

"आता नावं न्हाईत सांगत गं. लय दीस झालं. नुसती गाणी लावत्यात." तारांची गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली. "गाण्यासाठी त्येची गाडी कशाला थकवू? रोज ढकलाय लागती त्येला."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, दाजींना काही ठाऊक नाही. आई हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. "आसं झाकण हरवतंय व्हय कवा? माझी बोटं त्या स्क्रूला पुरत न्हवती, म्हणून हरवलं त्ये. माज्या पोटचा हाय त्यो." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पर मला कळलंय म्हणून सांगू नगंस त्येला. कळलं तर लाजंल."

सकाळी दाजी बाहेर आले. मी नेहमीसारखा पदर खोचून उभी होते. त्यांनी चावी फिरवली, सवयीनं एक किक मारली, आणि गाडी कडाडून सुरू झाली. पहिल्याच किकेला. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या, आतून अक्का पळत आली, "आवं, सुदारली की गाडी!" म्हणाली. दाजी हँडल धरून तसेच उभे होते. दिवा लावून बघितला, लख्ख होता. त्यांनी खिडकीकडं बघितलं. मग गाडी बंद केली, टाकीवर डोकं टेकलं आणि रडायला लागले. भावाच्या दिवसांना हा माणूस रडला नव्हता, असं अक्का मला नंतर म्हणाली. तिला वाटलं गाडी नीट झाली म्हणून रडतात, तिनं त्यांची चेष्टाही केली. दाजी आत गेले, आईंच्या खोलीत. दार लोटलं. आतून बोलण्याचा आवाज आला नाही. अक्का आणि मी त्या दिवशी शाळा, घरकाम विसरून सोप्यात बसून राहिलो.

त्यानंतर ती गाडी कधी ढकलावी लागली नाही. पुढं मळ्यावर वीज आली, माझी बदली झाली, लग्न होऊन मी सांगलीला परत आले. आई गेल्या, अक्का गेली. दाजी मात्र शेवटपर्यंत गाडी त्या खिडकीला चिकटवून, तोंड उताराकडं करून लावायचे. झाकण त्यांनी कधीच बसवलं नाही. जुन्या गाड्यांचं झाकण आता मिळत नाही, असं सगळ्यांना सांगायचे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सतीश दाजींची फौजेतली ट्रंक उघडून बसला होता. मला हाक मारली. ट्रंकेच्या तळाशी हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. आत गाडीचं ते गोल झाकण, तेल लावून पुसलेलं, आणि त्याचा जाड स्क्रूही त्यातच फिरवून बसवलेला. सतीश चक्रावला. "मावशी, हे तर रस्त्यात पडलं होतं ना? घरातच होतं तर दादांनी बसवलं का नाही?" त्यानं तो तुकडा उजेडात धरला, भोकांतून ऊन त्याच्या तोंडावर पडलं. "आणि हे कापड बघ. काय झालंय याला?"

"उंदरानं खाल्लंया," मी म्हटलं.

सतीश झाकण घेऊन गाडीकडं निघाला, बसवून टाकतो म्हणाला. मी त्याच्या हातातून ते घेतलं, पुन्हा लुगड्यात गुंडाळलं आणि त्याला म्हटलं, "राहू दे रं. खिडकीतनं हात पोचला पायजे."